वरचे दूध पाजणे हा मातेचा दोष होय काय?

आपल्या मंडळ्यांतून एक प्रश्न वारंवार उठतो, पण उपासनेनंतर चारचौघांत तो कोणी विचारीत नाही. चुलीपाशी किंवा बाळंतिणीच्या खाटेपाशी तो हलक्या आवाजात विचारला जातो. तो असा की, ज्या आईला अंगावरचे दूध पुरेसे येत नाही, किंवा येत नाही असे वाटते, तिने बाळाला डब्यातील भुकटीचे वरचे दूध द्यावे की न द्यावे? दिले तर देवाने तिच्यावर सोपविलेल्या कामात ती उणी पडली असे समजावे काय? आणि वरचे दूध सुरू झाले म्हणजे अंगावरचे आटते असे जे सर्वत्र बोलले जाते, ते खरे असेल तर त्या माउलीने करावे तरी काय?

प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याच्या एका पारड्यात तान्ह्या बाळाचा जीव आहे आणि दुसऱ्यात आईचे मन आहे. यास्तव त्याचा विचार प्रार्थनापूर्वक आणि ज्ञानपूर्वक, दोन्ही रीतींनी केला पाहिजे.

गावात ह्या प्रश्नाचा निकाल देण्यास दोन पक्ष सदैव तयार असतात. पहिला म्हणतो, आईला दूध येणारच. जिला येत नाही तिच्यात काही खोट आहे, तिची श्रद्धा कमी आहे, किंवा तिला बाळापेक्षा स्वतःचा आराम अधिक प्रिय आहे. दुसरा म्हणतो, शहरातील शिकलेली माणसे डब्याचेच दूध देतात, त्याने लेकरू गुटगुटीत होते व रात्रभर झोपते. मग आईने जिवाचा आटापिटा कशाला करावा? ह्या दोघांच्या मागे तिसरा एक आवाज असतो. तो म्हणतो की दृष्ट लागून दूध तुटले, उतारा टाका. प्रभूचे नाव घेतल्यावरही हा आवाज कित्येक घरांत मागच्या दाराने येतोच. माझे म्हणणे असे की हे तिन्ही निकाल चुकीचे आहेत, आणि तिन्हींच्या चुकीचे मूळ एकच आहे : देवाने आईचे दूध कोणत्या नियमाने निर्माण केले आहे, हे त्यांपैकी कोणीही पाहिले नाही.

प्रथम शास्त्र पाहू. पवित्र शास्त्रात आईने बाळास पाजण्याविषयी मोठा आदर दिसतो. शमुवेलाचे दूध तोडीपर्यंत हन्ना शिलोच्या वार्षिक यज्ञास गेली नाही, आणि तिच्या नवऱ्याने त्यास आनंदाने संमती दिली (१ शमुवेल १:२२-२३). आपल्या सेवेचे कोमलपण दाखविताना प्रेषित पौलाला लेकरांना जपणाऱ्या आईचीच उपमा सुचली (१ थेस्सलनी. २:७). तथापि त्याच शास्त्रात दायाही आहेत. रिबकेची दाई दबोरा वारली तेव्हा तिच्यासाठी शोक झाला, आणि ज्या झाडाखाली तिला पुरले त्यास त्या शोकाचे नाव पडले (उत्पत्ति ३५:८). राजवंशाचा संहार होत असता बाळ योवाशास लपविले, तेव्हा त्याच्यासोबत त्याची दाईही लपविली गेली (२ राजे ११:२). ह्या बाळांच्या आयांस शास्त्र कोठेही दोष देत नाही. बाळ पोसले जावे आणि जगावे, हा शास्त्राचा कटाक्ष आहे. आईचे दूध हे त्यासाठी दिलेले उत्तम साधन होय. पण साधन हे साध्याच्या जागी बसविता येत नाही.

आता त्या साधनाचा नियम पाहू. अलीशा संदेष्ट्याच्या काळी एका कर्जबाजारी विधवेच्या घरी तेलाची एकच कुपी होती. संदेष्ट्याने तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणण्यास सांगितले. भांडी येत राहिली तोवर तेल वाहत राहिले, आणि भांडी संपली तेव्हा तेल थांबले (२ राजे ४:१-७). मी ह्या चमत्काराचा अर्थ ओढून-ताणून दुधावर बसवीत नाही; पण दृष्टांत म्हणून तो मनात ठेवावा, कारण आईच्या अंगी देवाने असाच क्रम ठेवला आहे. बाळ ओढते तेव्हा आईच्या मेंदूतून दोन रस रक्तात उतरतात. त्यांतील प्रोलॅक्टिन नावाचा रस दूध तयार करवितो, आणि ऑक्सिटोसिन नावाचा रस ते बाहेर सोडतो. ह्यालाच आपण पान्हा फुटणे म्हणतो. स्तन रिकामा होईल तितके नवे दूध लवकर तयार होते; तो भरलेलाच राहिला तर शरीर समजते की मागणी नाही, आणि निर्मिती मंद करते. सारांश, दूध साठविल्याने वाढत नाही, दिल्याने वाढते. बाळाचे तोंड हेच ते रिकामे भांडे होय.

हा नियम कळला म्हणजे वरच्या दुधाचा पहिला धोका आपोआप कळतो. बाळ रडते, आईला वाटते दूध पुरत नाही, कोणी बाटली आणून देते, बाळ पोटभर पिऊन तीन-चार तास झोपते. घरात समाधान होते. परंतु त्या तीन-चार तासांत रिकामे भांडे कुपीपाशी आलेच नाही. दुसऱ्या दिवशी दूध थोडे कमी उतरते, म्हणून बाटली थोडी मोठी होते. तिसऱ्या दिवशी आणखी कमी. अशा रीतीने काही आठवड्यांत झरा खरोखरच आटतो, आणि लोक म्हणतात, पाहा, हिला दूध नव्हतेच. हा देवाचा दंड नव्हे, आणि ही कोणाची दृष्टही नव्हे. जे मागितले गेले नाही ते थांबले, इतकेच. पुष्कळ वेळा आरंभीचे रडणेही उणिवेचे चिन्ह नसते. तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास कित्येक बाळे एकाएकी तासातासाला पिऊ पाहतात. ते वाढीसाठी अधिक दूध मागत असतात, आणि मागू दिले तर दोन-तीन दिवसांत ते त्यांस मिळू लागते.

हा धोका गरिबास अधिक कठोर होतो. सिसिली विल्यम्स नावाच्या एका इंग्रज डॉक्टर बाईंनी १९३९ साली सिंगापूर येथे रोटरी क्लबपुढे एक भाषण केले. त्याचे नावच 'दूध आणि खून' असे होते. गोड घट्ट दुधाच्या डब्यांची खोटी वाखाणणी ऐकून आया अंगावर पाजणे सोडतात आणि बाळे मरतात, ह्या अपराधाला त्याच्या खऱ्या नावाने ओळखावे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेने अशा मालाच्या विक्रीविषयी आंतरराष्ट्रीय नियम संमत केले. आपल्या देशात १९९२ साली कायदा झाला, आणि २००३ साली तो अधिक कडक झाला. त्या कायद्याने अशा दुधाची जाहिरात करणे, आयांना फुकट नमुने वाटणे, आणि डब्यावर गोंडस बाळाचे किंवा आईचे चित्र छापणे ह्यांस मनाई केली. व्यापाऱ्याच्या जिभेला लगाम घालावा लागला, यावरून ती जीभ किती धावली असेल हे वाचकांनी समजावे. ज्या घरी मजुरीचे पैसे आठवड्याने येतात, तेथे डबा पुरवून वापरण्याचा मोह होतो. भुकटी कमी आणि पाणी जास्त घातले जाते. दिसायला ते दूधच, पण बाळ हळूहळू उपाशी राहते. पाणी अशुद्ध असेल तर हगवण लागते.

आता दुसरा धोका सांगितला पाहिजे; आणि धर्मशील माणसे ह्यातच अधिक सापडतात. अंगावरचेच दूध उत्तम हे एकदा शिकले म्हणजे कोणी त्याचा असा आग्रह धरतो की, समोर बाळ सुकत चालले तरी वरचे दूध नको म्हणतो. दावीद भुकेला असता त्याने याजकांवाचून कोणी न खाण्याची समर्पित भाकरी खाल्ली, ह्याची आठवण प्रभूने परूश्यांस करून दिली, आणि शब्बाथ हा मनुष्यासाठी आहे असे शिकविले (मार्क २:२५-२७). जो प्रभू शब्बाथाला मनुष्याच्या भुकेपुढे उभे करीत नाही, तो आपल्या दुधाविषयीच्या नियमाला तान्ह्याच्या भुकेपुढे उभे करील काय? कधीही नाही. चांगल्या नियमापायी बाळ उपाशी ठेवणे ही निष्ठा नव्हे.

तेव्हा खरी उणीव कशी ओळखावी? रडण्यावरून नव्हे, आणि शेजारणीच्या मतावरून नव्हे. पहिला आठवडा संपल्यावर बाळाने दिवसरात्र मिळून सहा किंवा अधिक वेळा लघवी करावी. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत वजन थोडे उतरतेच. पण ते दहा ते चौदा दिवसांत परत जन्मवेळेइतके झाले पाहिजे, आणि पुढे पहिले काही महिने महिन्याला निदान अर्धा किलो वाढले पाहिजे. अंगणवाडीतील वजनकाटा ह्या बाबतीत सर्व आजीबाईंहून अधिक खरे बोलतो. वजन जन्मवेळेच्या दहाव्या हिश्शाहून अधिक उतरले, बाळ सुस्त पडून राहिले, ओढीनासे झाले, तोंड कोरडे पडले किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. रविवारची उपासनाही त्याआड येऊ देऊ नये. कित्येक बाळे दिवस भरण्यापूर्वी जन्मतात व त्यांस ओढण्याचे बळ नसते. कित्येक आयांस बाळंतपणात फार रक्तस्राव झालेला असतो, गळ्यातील ग्रंथीचा विकार असतो, किंवा स्तनातील दूध करणारा भागच जन्मतः अपुरा असतो. अशा ठिकाणी डॉक्टर वरचे दूध सांगतील तर ते औषधाप्रमाणे, लाज न बाळगता, आभारपूर्वक द्यावे.

मग ते असे कसे द्यावे की बाळाचे पोटही भरेल आणि आईचा झराही बंद होणार नाही? आमच्या उपदेशक बंधूंना घरोघर सांगता यावे म्हणून तो क्रम येथे लिहितो.

बाळाला आधी अंगावर घ्यावे, दोन्ही बाजूंनी पाजावे, आणि मगच वरचे दूध डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाने द्यावे. पोट आधी वरच्याने भरू नये. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा बाळाने आईजवळ यावे. रात्रीचे पाजणे टाळू नये, कारण दूध तयार करविणारा रस रात्री अधिक असतो. ज्या वेळी बाळाने केवळ वरचेच दूध घेतले, त्या वेळी आईने स्वच्छ हातांनी आपले दूध उकळलेल्या वाटीत पिळून काढावे, म्हणजे कुपी ओतलीच जाईल. आणि ते पिळलेले दूध पुढच्या वेळी वरच्या दुधाच्या आधी बाळाला द्यावे. साधारण हवेत ते चार तास टिकते, आपल्याकडील उन्हाळ्यात त्याहून कमी. वरचे दूध वाटी-चमच्याने पाजावे. बाटलीचे बोंड सहज ओघळते, त्याची सवय झालेले बाळ आईकडे कष्ट घेईनासे होते. शिवाय बाटली आतून स्वच्छ राहत नाही. भुकटी निर्जंतुक नसते, म्हणून पाणी खळखळ उकळून, अर्ध्या तासाच्या आत, ते कढत असतानाच तीत मिसळावे, मग कोमट करून पाजावे. डब्यावर लिहिलेले माप कधीही मोडू नये, आणि दोन तासांत न संपलेले दूध टाकून द्यावे. सहा महिन्यांच्या आत साखरपाणी, घुट्टी, साधे पाणी किंवा गाईचे दूध देऊ नये, आणि मध तर वर्षाच्या आत देऊच नये. वजन वाढू लागले म्हणजे आरोग्यसेविकेच्या सल्ल्याने वरचे दूध थोडे थोडे कमी करीत जावे. एकदम तोडू नये. आईला अळिवाचे किंवा डिंकाचे लाडू दिले तर उत्तम. ते तिचे पोषण करतात. पण झरा उघडतो तो बाळाच्या तोंडाने, हे विसरू नये.

येथे आणखी एक मार्ग सांगितला पाहिजे, जो डब्याच्या आधी येतो. १९८९ साली मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली. आशिया खंडातील ती पहिली होय. ज्या आयांना अधिक दूध येते त्या ते दान करतात, ते तपासून व तापवून निर्जंतुक केले जाते, आणि ज्या अशक्त बाळांस स्वतःच्या आईचे मिळत नाही त्यांस पाजले जाते. आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक खेड्यास ही सोय जवळ नाही. तथापि तिच्यातील तत्त्व आपल्यासाठी आहे. एका आईची उणीव दुसऱ्या आईच्या विपुलतेने भरून निघावी, हेच तर प्रेषिताने करिंथच्या मंडळीस दानाविषयी लिहिले (२ करिंथ. ८:१४).

आता मूळ प्रश्नाकडे येऊ : दोष कोणाचा? पवनी तालुक्यातील आसगावाकडे पाहा. हा वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाचा मुलूख. पावसाळ्यात रोवणी लागली म्हणजे बायांच्या टोळ्या सकाळी बांधीत उतरतात त्या सायंकाळी वर येतात. अडीच-तीन महिन्यांचे तान्हे घरी आजीपाशी असते. दिवसभर आईचे स्तन भरून दुखतात, पदर ओला होतो, आणि घरी बाळ बाटलीवर असते. दोन-तीन आठवड्यांत तिचे दूध उतरते. आता जो तिला म्हणेल की तुझी माया आटली, त्याने आधी सांगावे की तिची मजुरी कोण भरून देणार होता? १९६१ सालच्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. पण ती कारखान्यातील आणि कचेरीतील स्त्रीसाठी. चिखलात वाकलेल्या मजूर स्त्रीच्या वाट्यास ती आली नाही.

हिरकणीची कथा महाराष्ट्रात सर्वांस ठाऊक आहे. गडाचे दरवाजे मिटले, घरी तान्हे बाळ, म्हणून ती गवळण रात्री रायगडाचा कडा उतरून गेली. आपण तिच्या धैर्याची स्तुती करतो, एस.टी. स्थानकांवर पाजणाऱ्या आयांच्या खोलीस तिचे नाव देतो, आणि ते योग्यच आहे. परंतु प्रत्येक आईने कडाच उतरावा काय? मंडळीचे काम दरवाजा उघडण्याचे आहे. मोशेच्या बाळपणाची गोष्ट वाचा. फारोच्या कन्येने नदीतून बाळ काढले, त्यास पाजण्यासाठी एक स्त्री बोलाविली, आणि तिला वेतन दिले. ती स्त्री बाळाची खरी आईच होती (निर्गम २:७-९). एका मूर्तिपूजक राजकन्येच्या हातून देवाने हे घडविले की आईला आपलेच बाळ पाजण्यासाठी वेतन मिळावे. मग प्रभूची म्हणविणारी मंडळी एवढेही करणार नाही काय? ज्या ख्रिस्ती शेतकऱ्याच्या बांधीत अशी बाई रोवणी करते, त्याने दुपारी बाळ बांधावर आणू द्यावे व तिला सावलीत अर्धा तास बसू द्यावे, मजुरी न कापता. नवऱ्याने पाणी भरावे व सरपण आणावे. सासूबाईंनी बाळ सांभाळावे, पण भूक लागली की आईकडे पोचवावे. मंडळीतील भगिनींनी पाळी लावून पहिला महिना तिच्या घरी भाकरी पोचवावी. बाळंतिणीस उपवासाचा उपदेश कोणी करू नये.

आणखी एक गोष्ट विशेष ध्यानात धरावी. पान्हा सोडणारा जो रस सांगितला, तो भीती, वेदना आणि लाज ह्यांनी अडखळतो. म्हणजे जी जीभ आईला टोचून बोलते, ती जीभच तिचे दूध अडविते. अंगावरच्या दुधाची बाजू घेऊन आईला दोष देणारा मनुष्य त्याच दुधाचा वैरी होतो. टोचणारा शब्द असत्य तर असतोच. तो त्या बाळाच्या मुखातील घासही हिरावतो.

२०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत असे आढळले की, भारतात सहा महिन्यांच्या आतील शंभर बालकांपैकी सुमारे ६४ केवळ अंगावरच्या दुधावर होती. परंतु जन्मल्यावर एका तासाच्या आत ज्यांस अंगावर घेतले गेले अशी सुमारे ४२ च होती. पहिल्या तासात घरात आणि दवाखान्यात अधिकार कोणाचा चालतो? त्या थकलेल्या आईचा नव्हे. पहिला पिवळसर चीक टाकून द्यायला सांगणारी, मध चाटविणारी माणसे तिच्याभोवती असतात. तेव्हा आरंभी जो झरा मंद राहिला, त्याचा हिशेब केवळ आईकडे मागणे न्यायाचे होईल काय?

यास्तव ह्या प्रश्नाचे उत्तर मी असे देतो. आवश्यकता नसता, केवळ सोयीसाठी किंवा मिरविण्यासाठी अंगावरचे दूध बाजूस सारणे हे देवाच्या देणगीचा अनादर होय, आणि त्याचा बोजा बाळ वाहते. आवश्यकता असता, अंगावरचे चालू ठेवून वरचे दूध देणे हा दोष नव्हे. ती सेवा होय. आणि सर्व उपाय करूनही ज्या आईचा झरा पुरत नाही, तेथे माझा कुपीचा दृष्टांत संपतो. तिने सर्वस्वी डब्याच्या दुधावर बाळ वाढविले तरी ती पूर्ण आई आहे. मनाची उत्सुकता असेल तर मनुष्यापाशी जे आहे त्यावरून ती मान्य होते, जे नाही त्यावरून नव्हे (२ करिंथ. ८:१२). यशया संदेष्ट्यानेही देवाच्या प्रीतीची तुलना आईच्या प्रीतीशी केली, पण तिचे माप दुधाच्या मापाने घेतले नाही (यशया ४९:१५).

बंधुभगिनींनो, येत्या आठवड्यात आपल्या मंडळीत कोणती आई तान्ह्यास घेऊन बसली आहे ते पाहा. तिला दूध येते की नाही हे विचारू नका. तिने आज पोटभर खाल्ले काय, रात्री तिला झोप मिळाली काय, आणि बाळाचे वजन केव्हा पाहिले, हे विचारा. आणि उत्तर ऐकून रिकाम्या हातांनी परतू नका.